लाकूड वाहणारा जुना ट्रक रिस्टोअर करायचाय? टाटा-मर्सिडीज, प्रीमियर की शक्तिमान

आलापल्ली-बल्लारपूरकडे किंवा खानापूर-दांडेलीच्या बाजूला एखाद्या बंद आरागिरणीच्या मागे बोनेटवाला ट्रक झुडपांत उभा असतो. मालकाला तो भंगारात घालायचाय, तुम्हाला घरी न्यायचाय. भाव किलोवर ठरतो, त्यामुळे विकत घेणं जड जात नाही. जड जातो पुढचा खर्च, आणि तो बहुतेक ट्रकच्या जातीवर ठरतो. जंगलात लाकूड ओढलेल्या जुन्या गाड्यांत सहसा तीन घराणी हाती लागतात: टाटा (आधीची टाटा-मर्सिडीज धरून), प्रीमियरचे डॉज-फार्गो, आणि लष्कराच्या लिलावातून बाहेर आलेला शक्तिमान. बेडफर्डही दिसतो. उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्स तो बनवायची. पण विदर्भात निवड बहुधा या तिघांतच करावी लागते, म्हणून तो बाजूला ठेवतो.

माझं मत आधीच सांगतो: पहिलाच ट्रक असेल तर टाटा 1210 घ्या. मर्सिडीजचा तारा मिरवणारा 312 मिळत असला तरी 1210च घ्या.

टाटा: दिसायला एक, आतून दोन

टेल्कोने (टाटांच्या ट्रक बनवणाऱ्या कंपनीने) मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलर-बेंझशी 1954 मध्ये करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून पहिला ट्रक बाहेर पडला. करार पंधरा वर्षांचा होता. 1969 मध्ये तो संपला, रेडिएटरवरचा तीन टोकांचा तारा गेला आणि टाटांचा ‘टी’ आला. म्हणजे तारा खरा असेल तर गाडी त्या पंधरा वर्षांतली. अडचण अशी की तारा दोन स्क्रूंवर बसतो. नंतरच्या गाडीला हौसेने तारा लावणारे खूप आहेत, तेव्हा चासी नंबर आणि पाटी वाचल्याशिवाय ‘मर्सिडीज’चे पैसे मोजू नका.

त्या काळचा एल-312 सहा सिलिंडरच्या, सुमारे 4.6 लिटरच्या डिझेलवर चालायचा. ताकद आजच्या हिशेबाने किरकोळ, शंभर अश्वशक्तीच्या आतली, पण खालच्या गिअरमध्ये हे इंजिन तासन्‌तास कुरकुर न करता ओढतं. कूपातून, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यातून, लाकडाच्या डेपोपर्यंतच्या कच्च्या रस्त्यावर वेग कुणाला हवा होता?

1210 याच चेहऱ्याची पुढची पिढी. नावातच माहिती आहे: साधारण 12 टन एकूण वजन, शंभराच्या आसपास अश्वशक्ती. टाटांच्या इंजिनांची नावंही अशीच वाचायची. 692 म्हणजे सहा सिलिंडर, 92 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास). 697 म्हणजे सहा सिलिंडर, 97 मिलिमीटर. ही इंजिनं देशभर इतकी धावली की पिस्टन-लायनर, बेअरिंग, पंप-नोझलचं काम जाणणारा मिस्त्री तालुक्याच्या गावीही सापडतो. 1210 घ्या म्हणतो ते त्यामुळेच. 312 चं तसं नाही. त्याचे भाग 692 वरून सरसकट बसतील असं धरून चालू नका. लेथवर बनवून घेण्याची तयारी ठेवा, आणि लेथवाला तुमच्या वेळापत्रकाने काम करत नाही.

‘ओरिजिनल’ म्हणजे नक्की काय?

परदेशातले रिस्टोअर करणारे कंपनीच्या कॅटलॉगवरून रंगाचा नंबर काढतात. आपल्याकडे ती पद्धत अर्धीच लागू पडते. आपले बहुतेक ट्रक कारखान्यातून पुढचा दर्शनी भाग आणि चासी एवढेच बाहेर पडायचे. केबिन आणि हौदा नागपूरच्या, कोल्हापूरच्या किंवा जिथे मालक नेईल तिथल्या बॉडी बिल्डरने बांधायचा. आत लाकडी चौकट, वर पत्रा. तेव्हा टाटा किंवा प्रीमियर घेतलात तर कंपनीची ‘ओरिजिनल’ केबिन शोधत बसू नका. ती बहुधा नव्हतीच. सुताराने बांधलेली केबिन हीच त्या गाडीची ओरिजिनल केबिन.

याचा खर्चावर थेट परिणाम होतो. डेंटर-पेंटरच्या बरोबरीने चांगला सुतार लागेल, आणि तोही जोडकाम जाणणारा. जुनी चौकट काढण्याआधी प्रत्येक सांध्याचे फोटो आणि मापं घ्या. कुजलेला तुकडा तेवढा बदला. पूर्ण चौकट नवी केली की गाडी चकचकीत होते आणि तिच्यात जुनं म्हणून फक्त चासी उरते.

लाकूड वाहणाऱ्या ट्रकची झीज वेगळी असते. वाळलेल्या सागाचा घनमीटर साधारण 650 किलो भरतो, ओला त्याहून बराच जड. हौद्याच्या बाहेर मागे लोंबणारे लांब लठ्ठे, एका बाजूने दोरांनी ओढून चढवलेले. त्यामुळे मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) ब्रॅकेट, चासीचे आडवे मेंबर आणि हौद्याच्या मागच्या टोकाखालचा भाग आधी तपासा. जादा पाटे घातलेले असतील तर ते काढून ‘कंपनी सेटिंग’ करण्याचा मोह टाळा. ते पाटे, खुंटांसाठी पाडलेली भोकं, फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या झडपेच्या) कडेला घासून पडलेल्या खाचा या सगळ्यांवरूनच हा ट्रक सिमेंटचा किंवा उसाचा नव्हता हे कळतं. चासीला चीर असेल तर मात्र भावनेत अडकू नका. नीट वेल्डिंग करून घ्या, नाहीतर गाडी सोडून द्या.

प्रीमियर: गोष्ट मोठी, हात कमी

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्याने डॉज आणि फार्गो बनले. बिल्ला वेगळा, ट्रक जवळजवळ तोच. मराठी माणसाला याचं अप्रूप वाटणं साहजिक आहे. सोलापूरच्या उद्योजकाने स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मोटारींचा कारखाना उभारला, आणि त्याचा ट्रक आज कुठेतरी चिंचेखाली गंजतोय.

पण खरेदी करताना अप्रूप बाजूला ठेवा. डिझेलच्या गाड्यांत बहुधा पर्किन्सचं पी-6 मिळतं, जे मद्रासची सिम्पसन कंपनी बनवायची. इंजिन भलं आहे. ते बोटींपासून कॉम्प्रेसरपर्यंत सगळीकडे बसवलं गेलं, म्हणून भाग शोधले तर मिळतात. घोडं अडतं ते गिअरबॉक्स, हाउसिंग, ब्रेकचे सिलिंडर आणि बोनेटच्या पत्र्यांपाशी. त्यांच्यासाठी दुसरा मेलेला ट्रक शोधावा लागतो, आणि दोन फार्गो एकाच जिल्ह्यात सापडले तर नशीब.

इथे एक वाद नेहमी निघतो. पूर्वी पेट्रोलवर आलेल्या कित्येक ट्रकांचं इंजिन काढून पर्किन्स बसवलं गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर डिस्पोजलमध्ये (लष्कराच्या जादा मालाच्या विक्रीत) निघालेल्या शेवरले गाड्यांचंही तेच. अशी गाडी हाती आली तर पुन्हा पेट्रोल इंजिन लावायचं का? माझं उत्तर: नाही. ज्या कंत्राटदाराने डिझेल बसवलं त्याने ती गाडी पुढे कितीतरी वर्षं कामात ठेवली. तो बदल त्या गाडीच्या इतिहासाचाच भाग आहे.

प्रीमियर घ्यायचाच तर अंगणात किंवा शेडमध्ये उभा ठेवायला घ्या. इंजिन सुरू होईल एवढं करा. रोज चालवायच्या हट्टाने घेतलात तर भाग शोधण्यातच सगळा वेळ जाईल.

शक्तिमान: अंगापिंडाने वेगळा

हा जर्मन एमएएनच्या 415 चा भारतीय अवतार. 1959 पासून जबलपूरला लष्करासाठी बनू लागला आणि 1990 च्या दशकापर्यंत चालला. नंतर त्याची जागा टाटा आणि अशोक लेलँडच्या नव्या गाड्यांनी घेतली. चारही चाकांना ताकद जाते, म्हणून लष्कराने लिलावात काढलेले शक्तिमान लाकडाच्या ठेकेदारांनी आनंदाने उचलले. पावसानंतरच्या लाल चिखलात साधा ट्रक रुतून बसतो, तिथून हा ओंडक्यांसकट वर येतो.

टाटाशी तुलना करताना तीन गोष्टी ध्यानात घ्या. केबिन कारखान्यातूनच आलेली, म्हणजे सुताराऐवजी पत्र्याचं काम, आणि ‘ओरिजिनल’ म्हणजे काय याबद्दल गोंधळ नाही. पुढचा अॅक्सल आणि ट्रान्स्फर केस दुरुस्त करणारा माणूस मात्र गावोगाव मिळत नाही. जबलपूरकडचे जुने फिटर किंवा लष्कराच्या ईएमई या दुरुस्ती विभागातून निवृत्त झालेले कारागीर शोधावे लागतात. आणि हा डिझेल पितो. हौसेच्या गाडीला ते चालतं, पण लांबच्या फेरीचा बेत असेल तर आधी हिशेब मांडा.

रंगाचा प्रश्नही आहे. लष्करी हिरवा द्यायचा की ठेकेदाराने दिलेला निळा-पिवळा ठेवायचा? तो सैन्यात किती वर्षं होता आणि जंगलात किती, हे कागदांवरून पाहा. जिथे जास्त राबला तो रंग ठेवा. लष्करी नंबर आणि बाण पुन्हा रंगवून रस्त्यावर फिरू नका, पोलीस थांबवतील आणि बरोबरच करतील.

कागद, म्हणजे खरा निकाल

इंजिनापेक्षा जास्त गाड्या इथे अडतात. 2021 मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम आणले: पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली गाडी, नोंदणीत ‘व्हीए’ अक्षरं, दहा वर्षांची मुदत, धंद्यासाठी वापर नाही. ऐकायला छान. पण व्याख्या दुचाकी आणि प्रवासी चारचाकी डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे, मालवाहू ट्रक नव्हे. तेव्हा ‘विंटेजमध्ये करून घेऊ’ या विक्रेत्याच्या शब्दावर एक रुपयाही देऊ नका. आधी तुमच्या आरटीओत विचारा. ट्रक म्हणून नोंदणी चालू ठेवायची तर फिटनेस लागणार, आणि पंधरा वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीचं फिटनेसचं शुल्क 2022 पासून चांगलंच वाढलं आहे.

वनविभागाची किंवा वनविकास महामंडळाची जुनी गाडी लिलावात घेऊ म्हणाल तर तो रस्ता जवळजवळ बंद झालाय. सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून रद्द होते आणि त्या नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात जातात. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास गाड्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे हाती येण्याची शक्यता खाजगी ठेकेदाराच्या टाटाची जास्त, आणि आधीच नागरी नोंदणी झालेल्या शक्तिमानची. लष्करातून थेट आलेल्या, आरटीओ नंबर कधीच न लागलेल्या गाडीला आज नव्याने रस्त्यावर आणणं फार अवघड आहे.

नंबर प्लेटही बोलते. एमएच मालिका 1989 नंतरची. 1965 चा म्हणून विकला जाणारा ट्रक एमएच 34 लावून उभा असेल तर तो चंद्रपुरात नव्याने कसा नोंदला गेला, आधीचा नंबर काय, याचे कागद मागा. उत्तर सरळ असू शकतं. नसेल तर मागे फिरा.

आणि तो वारसा

सागाची वाहतूक ट्रकने सुरू केली नाही. बैलबंड्या होत्या, गडचिरोलीतल्या कमलापूरच्या हत्तींनी लठ्ठे ओढले, डांगचा साग काढण्यासाठी गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने 1913 मध्ये बिलीमोरा-वघई ही नॅरो गेज घातली. ट्रकचा काळ यांच्या नंतरचा. तो पूर्ण संपलेलाही नाही: वनविकास महामंडळ 1974 पासून आहे, बल्लारपूरला लिलाव होतात, 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी साग तिथूनच गेला. पण 1980 चा वनसंरक्षण कायदा आणि 1996 चा सर्वोच्च न्यायालयाचा जंगलतोडीला आवर घालणारा गोदावर्मन प्रकरणातला आदेश यांनंतर जुन्या पद्धतीची ठेकेदारी आटली आणि बोनेटवाल्यांचं काम गेलं. या ट्रकांनी जंगल रिकामं करायलाही हातभार लावला, हे प्रदर्शनाच्या पाटीवर लिहायला लाजू नका. आलापल्लीजवळचं वनवैभव हे जुन्या जंगलाचं राखीव क्षेत्र का राखावं लागलं, हे पाहुण्याला त्यावरूनच कळेल.

गाडी उभी करताना हौद्यात खरे लठ्ठे ठेवायचे असतील तर ते डेपोच्या लिलावातून घ्या. सागाला वाहतूक परवाना लागतो, मग तो शोभेचा का असेना. पावती आणि पास गाडीच्या फाइलमध्येच लावा. ओंडक्याच्या टोकावरचा वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का कापू नका, त्यावर वॉर्निश मारू नका. तपासणी नाक्यावर आधी तोच पाहतात.