क्लच धरत नाही की सुटत नाही? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी हे बघा

जुनी मारुती ८०० किंवा पद्मिनी सांभाळताय आणि मेकॅनिक म्हणाला "क्लच गेला, सेट टाकावा लागेल", तर लगेच हो म्हणू नका (सेट म्हणजे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग). आधी क्लच धरत नाहीये (पेडल सोडल्यावरही प्लेट घसरते, इंजिनची ताकद चाकांपर्यंत जात नाही) की सुटत नाहीये (पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही) ते बघा, कारण धरत नसेल तर बहुतेक वेळा गिअरबॉक्स उतरवावा लागतोच, पण सुटत नसेल तर बरेचदा पाना-पक्कडवर काम भागतं.

धरत नसेल तर चढावर कळतं. गायमुखच्या घाटात तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, गाडी आहे त्याच स्पीडला, वर जळका वास. घोडबंदर रोडला रोज हाफ क्लचवर सरकणाऱ्या गाडीचं हे होणारच म्हणा. घरी बघायचं तर सपाट मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढा, फूटब्रेकवर पाय ठेवा, तिसरा टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट धरतेय, चालूच राहिलं तर घसरतेय. एकदाच करा, हौसेने परत परत केलं तर उरलेली प्लेटही जळेल. आणि हो, त्याआधी पेडलचा फ्री प्ले, म्हणजे दाबताना सुरुवातीची मोकळी हालचाल, बघा. ८०० ला केबल आहे, ती कुणी ओढून घट्ट केली असेल आणि पेडलला वर जरासुद्धा मोकळी हालचाल नसेल तर चांगली प्लेटही घसरते, तिथे नट सैल करून काम होतं (साधारण अर्धा ते एक इंच प्ले हवा, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो).

सुटत नसेल तर उलटं. पेडल पूर्ण दाबूनही पहिला अडतो, रिव्हर्स टाकताना कर्रर्र होतं, सिग्नलला गाडी हळूच पुढे सरकते. इंजिन चालू, न्यूट्रल, क्लच पूर्ण दाबून ३-४ सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका, तरीही घासला तर प्लेट फिरतेच आहे. आता इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा, आरामात पडले तर दोष क्लचचा, तेव्हाही अडत असतील तर लिंकेजचा, म्हणजे दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीचा. स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा असलेल्या पद्मिनीत लिंकेजचे बुश झिजले की अगदी असंच वाटतं आणि बिचाऱ्या क्लचवर आळ येतो.

क्लच सुटत नाही हे पक्कं झालं की केबलवाल्या गाडीत केबल लांबलीये का, पेडलच्या टोकाला तारा सुटल्यात का बघा, नवी केबल सेटच्या मानाने किरकोळ खर्च आहे. हायड्रॉलिक (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा) क्लच असेल तर पेडल दोन-तीनदा पंप करून बघा, मग गिअर नीट पडला तर हवा आहे किंवा सिलिंडरचं रबर गेलंय, खाली गिअरबॉक्सजवळचा स्लेव्ह सिलिंडर गळत असेल तर त्याच्या रबरी बुटाजवळ ओल दिसते. माझं मत सरळ आहे, हे होईपर्यंत गिअरबॉक्सला हात लावू द्यायचा नाही. अपवाद पावसाळाभर सोसायटीत उभ्या राहिलेल्या गाडीचा, ठाण्याच्या दमट हवेत प्लेट गंजून फ्लायव्हीलला (इंजिनच्या मागच्या जड चाकाला) चिकटते, मग पेडल नॉर्मल लागतं पण क्लच सुटतच नाही.

आवाजाचं पटकन सांगतो. पेडल दाबल्यावर येतो तो बहुधा रिलीज बेअरिंगचा (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं, सेटमधलं बेअरिंग), न्यूट्रलला पाय काढल्यावर येतो आणि दाबला की जातो तो बहुधा गिअरबॉक्सच्या आतल्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा, तिथे सेट टाकून पैसे वाया. क्लच सोडून जागेवरून निघताना गाडी थरथरत असेल तर इंजिन माउंटिंगही बघा.

गिअरबॉक्स उतरवायचाच ठरला तर नुसती प्लेट नको, प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) आणि रिलीज बेअरिंगही बदला, लेबर तेवढंच लागतं. जुनी प्लेट मागून घ्या. रिव्हेटची डोकी पृष्ठभागाला येऊन टेकली असतील तर झिजलीच होती, पण प्लेटवरचं मटेरियल शाबूत आणि तेलाने काळं-चिकट असेल तर इंजिनचं मागचं किंवा गिअरबॉक्सचं सील गळतंय, ते न बदलता बसवलेला नवा सेटही तसाच भिजणार.