मर्टल बीचचं म्युझिक पार्क: आधी हार्ड रॉक, मग फ्रीस्टाइल (दोन्ही नावांनी बघितलेलं)

बंद पडलेल्या पार्कचा रिव्ह्यू आत्ता कशाला असं वाटेल, पण परवा पुतणीने व्हिएतनामहून एक व्हिडिओ पाठवला आणि तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. शिवाय त्या पार्कात जुन्या नावाने आणि नव्या नावाने दोन्ही वेळा जाऊन आलेली मराठी माणसं फार नसतील, म्हणून लिहूनच टाकते.

२००८ साली आम्ही अमेरिकेत शार्लटला राहत होतो. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि माझे धाकटे दीर एका बँकेच्या प्रोजेक्टवर ऑनसाइट होते. भावजी म्हणजे पुण्यात कॉलेजला असताना बसचे पैसे वाचवून रिकाम्या कॅसेट घ्यायच्या आणि मित्राकडे रात्र रात्र बसून त्या भरून आणायच्या असे रॉकवेडे. जुलैमधला एक शुक्रवार, ऑफिसातून आले, बूटही काढले नाहीत, दारातूनच म्हणाले, "वहिनी, मर्टल बीचला लेड झेपलिनच्या नावाची रोलर कोस्टर चालू झालीये, उद्या निघायचं." (लेड झेपलिन म्हणजे जुना ब्रिटिश रॉक बँड.) पेट्रोल तेव्हा गॅलनला चार डॉलरच्या वर गेलेलं, जाऊन-येऊन आठ तासांचं ड्रायव्हिंग, नवऱ्याच्या कपाळावर आठी, पण सासूबाईंनी पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या तळायला घेतल्या म्हटल्यावर विषय संपला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मर्टल बीच म्हणजे साउथ कॅरोलायनाचं समुद्रकिनाऱ्यावरचं गाव, उन्हाळ्यात तुडुंब भरतं. तिथे ५०१ नंबरच्या रस्त्यालगत, समुद्रापासून बरंच आत, किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या इंट्राकोस्टल कालव्याच्या पलीकडे हे हार्ड रॉक पार्क उभं केलं होतं. ४० कोटी डॉलर खर्च, ५५ एकरांवर पार्क, रॉक संगीतावर बेतलेलं. १५ एप्रिलला दारं उघडली आणि २ जूनला मोठं उद्घाटन झालं त्याला ईगल्स आणि मूडी ब्लूज हे बँड स्वतः येऊन वाजवून गेले. तिकीट माणशी ५० डॉलर.

आता राइड. झेपलिनची कोस्टर बी अँड एम या स्विस कंपनीने बांधलेली, उंची १५० फुटांच्या आसपास, सहा वेळा उलटं करते. पण उंची आणि उलटं होणं आमच्या शार्लटच्या कॅरोविंड्स पार्कमध्येही होतं, त्यात नवल नाही. नवल होतं ते सीटमधल्या स्पीकरचं. गाडी साखळीवर चढायला लागली की कानाशी 'होल लॉटा लव्ह' सुरू. तो गिटारचा तुकडा नुसता कानात नाही, पाठीच्या कण्यात वाजत होता, बार धरलेल्या हातांना कळत होता, आणि गाडी वर चढतीये, खाली तळं लहान लहान होत चाललंय, शेजारी भावजी डोळे मिटून मोठ्याने गातायत, आणि मला, जिला तोवर रॉक म्हणजे नुसता गोंगाट वाटायचा, पहिल्यांदा कळलं की या माणसाने वीस वर्षं काय ऐकलंय. खाली उतरल्यावर ते काही बोलले नाहीत. सरळ परत लायनीत जाऊन उभे राहिले.

सासूबाईंना कोस्टरमध्ये बसवणं शक्यच नव्हतं, त्यांना मूडी ब्लूजच्या 'नाइट्स इन व्हाइट सॅटिन' या गाण्यावरच्या डार्क राइडमध्ये नेलं. अंधारातून छोटी गाडी जाते, डोळ्यांवर थ्रीडी चष्मा आणि भिंतींवरचे रंग सुटून अंगावर तरंगत येतात. सासूबाई चष्मा काढायच्या, परत लावायच्या, परत काढायच्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "गाण्यातलं अक्षर कळलं नाही, पण देवळात डोळे मिटल्यावर दिसतात ना, तसले रंग होते गं." त्या राइडबद्दल यापेक्षा चांगलं वाक्य मी कुठे वाचलेलं नाही.

अजून एकीबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. मॅक्सिमम आरपीएम नावाची. साधारण कोस्टर साखळीने वर खेचतात, हिला वर न्यायला चक्क आकाशपाळणा होता, म्हणजे जुन्या ब्रिटिश मोटारींसारखे डबे एकेक करून पाळण्यात शिरायचे, पाळणा फिरून त्यांना वर न्यायचा आणि वरून सोडून द्यायचा. जत्रेतल्या दोन गोष्टी कुणीतरी एकत्र जोडल्यासारख्या. आणि रात्री तळ्यावर क्वीन या बँडच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'वर लेझर आणि आतषबाजी, मुलगा तेव्हा चार वर्षांचा, माझ्या खांद्यावर झोपलेला, तो ऑपेरासारखा भाग आला तसा खडबडून उठला आणि शेवटपर्यंत टक लावून बघत राहिला.

हे सगळं एका सीझनमध्ये आटोपलं. सप्टेंबरच्या मध्याला लीमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली आणि दहाच दिवसांत, २५ सप्टेंबरला, पार्कने दिवाळखोरीचा अर्ज केला. जानेवारीत प्रकरण लिक्विडेशनवर, म्हणजे सगळं विकून देणी भागवण्यावर गेलं. सगळा दोष मंदीला देतात, मला ते पूर्ण पटत नाही. मर्टल बीचला येणारं कुटुंब आठवडाभर भाड्याचं घर घेऊन समुद्रावर पडून राहायला येतं, समुद्र फुकट आहे, संध्याकाळी मिनी गोल्फ आणि पॅनकेक, झालं. अशा माणसाला वाळूतून उठवून, गाडीत बसवून, कालव्यापलीकडे आणायचं आणि चार जणांचे दोनशे डॉलर घ्यायचे तर त्याच्यापर्यंत महिनोन्महिने आधी पोचायला लागतं. एवढ्या खर्चासाठी काढलेलं कर्ज आणि व्याज डोक्यावर असताना एका उन्हाळ्यात हे होणारच नव्हतं. त्याच गावातलं समुद्राला लागून असलेलं जुनं पॅव्हिलियन पार्क २००६ मध्ये बंद झालेलं, म्हणजे जागा रिकामी होती, लोकांना सवयही होती, पण ती सवय पायी चालत जायची होती.

मग फेब्रुवारी २००९ मध्ये नवीन मालक आले, त्यांनी अडीच कोटी डॉलरला सगळं घेतलं. हिशोब करा, ४० कोटीचं अडीच कोटीला, म्हणजे बरोब्बर रुपयाला एक आणा. आणि हार्ड रॉक हे नाव काही पार्कच्या मालकीचं नव्हतं, ते लायसन्सवर घेतलेलं, ते गेलं. नावाबरोबर झेपलिन गेलं, ईगल्स गेले, मूडी ब्लूज गेले. हातात उरलं लोखंड, तळं आणि इमारती. २३ मे २००९ ला, मेमोरियल डेच्या वीकेंडला, 'फ्रीस्टाइल म्युझिक पार्क' म्हणून उघडलं. जेमतेम तीन महिने! पाट्या, नकाशे, युनिफॉर्म, राइडमधला आवाज, दुकानातले टीशर्ट, सगळं तीन महिन्यांत बदलायचं. ज्यांनी रात्री जागून ते केलं असेल त्या कामगारांबद्दल मला आजही आदर वाटतो.

आम्ही जूनमध्ये परत गेलो. या वेळी तिघंच. भावजींचं प्रोजेक्ट हिवाळ्यात गुंडाळलं गेलं आणि ते पुण्याला परतले होते.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं होतं. तिकीट ३९.९५ डॉलर केलेलं, जवळजवळ दहा डॉलर कमी, तिघांच्या घरात तो एका जेवणाचा खर्च. लहान मुलांसाठी 'किड्स इन अमेरिका' नावाचा वेगळा भाग, आमचा मुलगा तिथून हलायलाच तयार नव्हता, आदल्या वर्षी तो आमच्याबरोबर फिरला होता आणि या वर्षी आम्ही त्याच्याबरोबर फिरलो असं म्हणा हवं तर. कोस्टर तेवढीच सुसाट, तेवढीच गुळगुळीत. कुटुंबासाठी म्हणून बघितलं तर हे पार्क आदल्या वर्षीपेक्षा सोयीचं होतं आणि पैसे वसूल होत होते.

पण नावं बघा. झेपलिनच्या कोस्टरचं झालं 'टाइम मशीन', आणि त्यात वेगवेगळ्या दशकांतली गाणी. ईगल्सची माइन ट्रेन झाली 'आयर्न हॉर्स'. मॅक्सिमम आरपीएमचं 'राउंड अबाउट'. सासूबाईंच्या आवडत्या डार्क राइडचं 'मॉन्स्टार्स ऑफ रॉक'. वाईट नावं नाहीत, पण कुठल्याही गावातल्या कुठल्याही पार्कात चालतील अशी. टाइम मशीनमध्ये बसले, गाडी साखळीवर चढायला लागली, कानाशी गाणं सुरू झालं, छान गाणं होतं, उतरलो, मजा आली. पण आदल्या वर्षी तो चढ, तो पहिला उतार आणि ते गाणं हे तिन्ही मिळून एक वस्तू होती. या वेळी कोस्टर वेगळी आणि गाणं वेगळं होतं. सुगम संगीतातलं कळणाऱ्यांना सांगायचं तर चाल तीच ठेवून शब्द बदलले की गाणं म्हणता येतं, पण ते गाणं कशाबद्दल होतं तेच हरवतं.

पार्किंगमधून नवऱ्याने भावजींना फोन लावला, पुण्यात मध्यरात्र उलटून गेलेली, तरी उचलला. पहिला प्रश्न, "आता कुठलं गाणं लावतात?" नवऱ्याने सांगितलं. पलीकडून नुसतं "बरं" आलं.

आता माझं म्हणणं सांगते, आणि हे मी तेव्हापासून बोलतेय. महागडे बँड परत मिळणार नाहीत हे उघड होतं, पण म्हणून 'फ्रीस्टाइल' कशाला? काहीही चालेल असा त्याचा अर्थ होतो, आणि काहीही चालेल हे बघायला कुणी चार तास गाडी चालवत नाही. त्या गावाला स्वतःचं संगीत होतं की! त्या किनाऱ्याचं 'बीच म्युझिक' म्हणून अख्खं संगीत आहे, त्यावर शॅग नावाचा जोडीने करायचा नाच आहे, त्याला साउथ कॅरोलायनाने १९८४ मध्ये राज्याचं अधिकृत नृत्य केलं, नॉर्थ मर्टल बीचला आजही साठी-सत्तरीतली जोडपी तो नाचताना दिसतात, पाय वाळूवर घसरल्यासारखे आणि खांदे एकदम स्थिर. अलाबामा हा केवढा मोठा कंट्री बँड, तो सत्तरच्या दशकात याच गावातल्या बॉवरी नावाच्या बारमध्ये वर्षानुवर्षं टिप्सवर वाजवून वर आला. पार्कातल्या एका भागाला 'मर्टल्स बीच' नाव दिलं होतं त्यांनी, म्हणजे धागा हाताशी आला होता, तोच ओढून अख्खं पार्क त्यावर उभं करायचं! कोकणात पार्क काढलं तर दशावतार आणि नमन गेटवर पाहिजे ना, ते एका कोपऱ्यात ठेवून कसं चालेल. ज्या आजोबांनी त्या किनाऱ्यावर आजीचा हात धरून पहिला नाच केला ते नातवंडांना घेऊन आले असते, दर वर्षी आले असते, आणि त्यांना जाहिरातही लागली नसती.

अर्थात तीन महिन्यांत हे होत नाही हेही मला कळतं. वर जुन्या डिझाइनच्या हक्कांवरून कोर्टकचेरी सुरू झाली ती वेगळीच. त्यांना अजून तीन-चार सीझन मिळायला हवे होते. मिळाला एक. २०१० मध्ये गेट उघडलंच नाही, आणि नंतर राइड सुट्या करून विकल्या गेल्या.

स्टार द्यायचेच तर हार्ड रॉकला साडेचार, अर्धा महागाईचा कापला. फ्रीस्टाइलला तीन, त्यातला एक पूर्ण त्या मुलांच्या भागाचा. आता मर्टल बीचला गेलात तर शोधत जाऊ नका, तिथे बसायला काही उरलेलं नाही. कोस्टरची हौस असेल तर समुद्राजवळच्या फॅमिली किंगडममध्ये स्वॉम्प फॉक्स नावाची १९६६ सालची लाकडी कोस्टर आहे, तिच्यात बसा.

आणि झेपलिनची कोस्टर हवी असेल तर व्हिएतनामला जा. खरंच. हालाँगच्या ड्रॅगन पार्कमध्ये ती २०१७ पासून 'ड्रॅगन्स रन' नावाने पळतेय, हे तिचं तिसरं नाव. भावजींची मुलगी मैत्रिणींबरोबर ट्रिपला गेली होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं, तिने आपला खालून उभं राहून काढलेला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकला. मी बघितला आणि काही लक्षात आलं नाही. भावजींचा लगेच व्हिडिओ कॉल. "वहिनी, तो लूप बघा. त्याच्यानंतरचं वळण बघा. ती आपलीच आहे."

मग त्यांनी फोन टेबलावर टेकवून ठेवला, टॅबवर तो व्हिडिओ आवाज बंद करून लावला आणि शेजारी स्पीकरवर ते गाणं. पहिल्यांदा गाणं रंगात यायच्या आधीच गाडी खाली गेली. दुसऱ्यांदा उशीर झाला. तिसऱ्यांदा त्यांनी व्हिडिओ परत सुरुवातीला नेला, गाडी चढावर अर्ध्यात पोचेपर्यंत अंगठा स्पीकरच्या बटणावर नुसता धरून ठेवला, आणि मग दाबला.