सामान्य पदाचे सूत्र की मागच्या पदाचा आधार?

क्रमिकेचे, म्हणजे ठराविक नियमाने ओळीने मांडलेल्या संख्यांपैकी एखादे पद (संख्या) सामान्य सूत्रात क्रमांक घालून काढावे की मागच्या पदावरून, हे कोणते पद हवे आहे यावर ठरते. पदाच्या क्रमांकाला क्ष म्हटले आणि सूत्र ५क्ष − २ असले, तर क्षच्या जागी १, २, ३ घालून ३, ८, १३ ही पदे मिळतात. हीच क्रमिका ‘पहिले पद ३, पुढचे प्रत्येक पद मागच्यापेक्षा ५ ने मोठे’ अशीही सांगता येते. पहिली पाच-सहा पदे ओळीने लिहायची असतील तर ही दुसरी रीत निःसंशय सोपी आहे. शंभरावे पद हवे असेल तर मात्र तिच्यात ९९ वेळा बेरीज करावी लागते आणि विसाव्या पदाशी झालेली चूक शेवटपर्यंत सोबत येते. सूत्राने ५ × १०० − २ = ४९८ हे उत्तर एका ओळीत मिळते.

सूत्राचा आणखी एक गुण मला याहून मोलाचा वाटतो. ३०० ही संख्या या क्रमिकेत आहे का, असे विचारले तर ५क्ष − २ = ३०० हे समीकरण सोडवावे; क्षची किंमत ६०.४ येते आणि पदाचा क्रमांक अपूर्णांक असू शकत नाही, म्हणून ३०० हे या क्रमिकेचे पद नाही. २९८ हे मात्र साठावे पद आहे.

सूत्र वापरताना किंमत घालण्यात काळजी हवी. क्ष² − ३क्ष या सूत्राची पहिली चार पदे −२, −२, ०, ४ अशी आहेत. पहिली दोन सारखी आलेली पाहून अनेक विद्यार्थी बरोबर उत्तर खोडतात. अशा वेळी १ − ३ आणि ४ − ६ या पायऱ्या लिहून ठेवल्या की शंका उरत नाही.

फिबोनाची क्रमिकेत, म्हणजे जिच्यात १, १ नंतरचे प्रत्येक पद मागच्या दोन पदांची बेरीज असते तिच्यात, पारडे फिरते. तिच्या सूत्रात सुवर्ण गुणोत्तराचा (सुमारे १.६१८ या संख्येचा) पदाच्या क्रमांकाइतका घात करून त्याला ५ च्या वर्गमुळाने भागावे लागते आणि जवळची पूर्ण संख्या घ्यावी लागते. ते गुणोत्तर १.६२ धरले तर दहाव्या पदासाठी सुमारे ५५.६८, म्हणजे ५६ येते, आणि खरे पद आहे ५५. दहाव्या पदापर्यंत जायचे असेल, तर येथे मी मागच्या दोन पदांची बेरीजच करीन: १, १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५.