आरशामागच्या मॅडम : वाक्-श्रवण महाविद्यालयाच्या उपचार केंद्राविषयी

माझी नात आता पाच वर्षांची आहे. तिच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्रे आहेत, आणि गेली दोन वर्षे आठवड्यातून दोन दिवस मी तिला वाचा-उपचारासाठी एका महाविद्यालयाच्या उपचार केंद्रात घेऊन जातो. तिचे आई-वडील दोघेही नोकरी करतात. मी निवृत्त आहे, आणि निवृत्तीपूर्वी ३२ वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवत होतो. त्यामुळे हे परीक्षण उपचार केंद्राचे असले तरी माझे लक्ष मुख्यतः तेथे शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडे गेले, हे आधीच सांगून टाकतो. केंद्राचे आणि शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारीही येणार आहेत आणि त्यांतून एखादी विद्यार्थिनी ओळखू यावी अशी माझी इच्छा नाही.

अशा केंद्रात जाण्यापूर्वी पालकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. येथे आपल्या मुलासमोर बसणारी व्यक्ती बहुधा विद्यार्थिनी असते. ऑडिओलॉजी (श्रवणशास्त्र) आणि स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजीचा (वाचा-भाषा उपचारशास्त्राचा) पदवी अभ्यासक्रम, ज्याला तेथे सगळे बीएएसएलपी म्हणतात, चार वर्षांचा असून त्यातील शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असते. त्यापुढे ऑडिओलॉजी आणि स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजी अशा दोन स्वतंत्र शाखांत एम.एस्सी. करता येते. १९९२ च्या कायद्याने हे क्षेत्र भारतीय पुनर्वास परिषदेच्या अखत्यारीत आहे, आणि व्यवसाय करणाऱ्याचे नाव परिषदेच्या नोंदवहीत असणे आवश्यक असते. शिकणाऱ्या मुलींचे नाव अर्थातच तेथे अद्याप नसते; त्या जे काही करतात ते नोंदणीकृत प्राध्यापकांच्या देखरेखीखाली. ही देखरेख कागदावर आहे की प्रत्यक्षात, यावर अशा केंद्राचा सगळा भरवसा अवलंबून असतो. म्हणून मी पहिल्या महिन्यात उपचारापेक्षा देखरेखीकडेच अधिक बारकाईने पाहिले.

आमच्या केंद्रात प्रत्येक उपचार-खोलीला लागून एक अंधारी अरुंद खोली आहे आणि दोहोंमध्ये एकतर्फी आरसा आहे. मुलाला आपलेच प्रतिबिंब दिसते. पलीकडे बसलेल्या प्राध्यापिकेला मात्र सगळे दिसते आणि स्पीकरवरून ऐकूही येते. पालकांना तेथे बसण्याची परवानगी आहे. या केंद्रातील सर्वांत मोलाची जागा कोणती, असे मला विचारले तर मी त्या खोलीतील मोडक्या हाताच्या प्लास्टिकच्या खुर्चीचे नाव घेईन.

पहिला प्रसंग श्रवणचाचणीचा. नातीचे निदान उशिरा, म्हणजे दोन वर्षे आठ महिन्यांची असताना झाले. जन्मानंतर एका महिन्याच्या आत श्रवणाची प्राथमिक चाळणी-चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार, हा जगभर मान्य असलेला क्रम आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हता आणि ती जेथे जन्मली तेथे कोणी सांगितलाही नाही. आधी बेरा चाचणी झाली, म्हणजे आवाजाला श्रवणमज्जा आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात हे यंत्रावर नोंदवणारी चाचणी. त्यासाठी मूल गाढ झोपलेले लागते, म्हणून त्या दिवशी तिला पहाटे पाचला उठवून दिवसभर खेळवत ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. पुढे ती तीन वर्षांची झाल्यावर खेळातून करायची ऑडिओमेट्री सुरू झाली: कानाला हेडफोन लावायचे आणि आवाज आला की हातातला ठोकळा टोपलीत टाकायचा. दोन विद्यार्थिनी चाचणी घेत होत्या, नात भराभर ठोकळे टाकत होती आणि आलेख उत्तम निघत होता. आम्ही सगळे खूश होतो.

ऑडिओलॉजीच्या मॅडम मात्र दहा मिनिटे न बोलता पाहत होत्या. मग आत येऊन यंत्रावर बसलेल्या मुलीला त्या म्हणाल्या, “अगं, तू सूर देण्याआधी दरवेळी मान वर करून तिच्याकडे बघतेस. आणि दोन सुरांमध्ये बरोबर तेवढाच वेळ सोडतेस. ती ऐकत नाहीये, तुझा ठेका पकडतेय.” मुलीची जागा बदलली, सुरांमधील अंतर अनियमित केले, मध्ये एकदा बराच वेळ मुद्दाम काहीच वाजवले नाही. त्या शांततेतही नातीने दोन ठोकळे टाकले तेव्हा आम्हाला उमगले. फेरचाचणीत २००० हर्ट्झच्या सुरावरील मर्यादा, म्हणजे तिला जेमतेम ऐकू येणारा सर्वांत हळू आवाज, ४५ डेसिबलवरून ६० डेसिबलवर गेली; म्हणजे ती वाटले त्यापेक्षा कमी ऐकत होती. पहिल्या आलेखावरून श्रवणयंत्र लावले असते तर त्याने आवाज हवा तेवढा वाढवला नसता, आणि पोरगी यंत्र घालूनही अर्धवट ऐकत राहिली असती. विद्यार्थिनीला कोणी रागावले नाही. तिला पुन्हा तीच चाचणी पूर्ण करायला लावली आणि शेवटी “आता तुझी चूक तूच तुझ्या वहीत लिही” एवढेच सांगितले. मी स्वतः वर्गात इतका संयम क्वचितच दाखवला असेल.

वाचा-उपचाराच्या मॅडमचा स्वभाव वेगळा, थोडा तिखट. त्यांच्याकडे प्रत्येक विद्यार्थिनीला सत्राच्या आदल्या दिवशी पाठ-टाचण दाखवावे लागते, आणि ते बऱ्याचदा तांबड्या शाईने भरून परत येते. एका मुलीने इंग्रजी पुस्तकातून उद्दिष्टे जशीच्या तशी उतरवून आणली होती. मॅडमनी विचारले, “ही मुलगी घरी कोणती भाषा ऐकते?” मग फळ्यावर लिहिले: मोठा चेंडू, मोठी बाहुली, मोठे घर. मराठीत तीन लिंगे आहेत, त्यांच्याप्रमाणे विशेषण बदलते, क्रियापदही बदलते, आणि हे बदल शब्दाच्या शेवटी होतात, जेथे आवाज सर्वांत क्षीण असतो. कमी ऐकणाऱ्या मुलाच्या हातून नेमके तेच निसटते. तीच गोष्ट सामान्यरूपाची. नात तेव्हा “घोडाला गवत दे” म्हणत असे आणि मी दरवेळी तिला टोकत असे. मॅडम मला म्हणाल्या, “आजोबा, तुम्ही व्याकरण शिकवलंय, मग हे तुम्हाला कळायला हवं. तिला ‘ला’ सापडलाय. ‘घोड्या’ मागून येईल. तुम्ही फक्त बरोबर वाक्य पुन्हा म्हणा, चूक दाखवू नका.” तीन दशके तांबडी शाई वापरलेल्या माणसाला हे पचायला जड गेले, पण चार महिन्यांत ‘घोड्याला’ आले.

‘स’ या ध्वनीविषयी त्यांनी सांगितलेली गोष्ट तर माझ्या स्वतःच्याही कधी लक्षात आली नव्हती. रोज सकाळी यंत्र घातल्यावर सहा ध्वनींची तपासणी करायची असते: आ, ई, ऊ, म, श, स. डॅनियल लिंग यांनी रूढ केलेली ही पद्धत आहे. ‘म’ खालच्या पट्टीतला, ‘स’ अगदी वरच्या. सहाही ध्वनी ऐकू आले तर बोलण्याचा बहुतेक पट्टा मुलापर्यंत पोहोचतो आहे असे समजायचे. इंग्रजीत ‘स’ गेला तर अनेकवचन जाते, असे पुस्तकात असते. मॅडमनी विद्यार्थिनींना विचारले की मराठीत काय जाईल. कोणालाच सांगता येईना, मलाही नाही. “जातेस, खातेस, आहेस. समोरच्याशी बोलायचं सगळं क्रियापद जाईल,” त्या म्हणाल्या. हे ध्वनी म्हणताना तोंडावर हात धरायचा नाही, कारण हातामुळे आवाजच बदलतो. मुलाच्या मागे किंवा बाजूला उभे राहायचे, हेही त्यांनी मला प्रात्यक्षिकासह शिकवले. एका सकाळी ‘श’ आणि ‘स’ दोन्ही गेले तेव्हा आम्ही घाबरलो होतो. सेल बदलल्यावर दोन्ही परत आले.

आता तक्रारी. सर्वांत मोठी तक्रार विद्यार्थिनी बदलण्याची आहे. दोन वर्षांत नातीने पाच ताई पाहिल्या. पोस्टिंग संपले की मुलगी जाते, नवी येते, आणि पहिले तीन आठवडे ओळख होण्यात, जुनी फाईल वाचण्यात आणि पुन्हा तेच चित्रांचे पत्ते दाखवण्यात जातात. विद्यार्थिनींना निरनिराळे रुग्ण पाहायला मिळालेच पाहिजेत, हे शिक्षक म्हणून मला मान्य आहे. आजोबा म्हणून मात्र ते दरवेळी खटकते. निदान जाणारी आणि येणारी यांनी दोन सत्रे एकत्र घ्यावीत, अशी लेखी सूचना मी दिली होती. एकदा ती पाळली गेली. विद्यापीठाच्या परीक्षा, दिवाळी आणि मे महिना मिळून वर्षातील बरेच आठवडे केंद्र बंद किंवा अर्धवट चालू असते, आणि लहान मुलाच्या भाषेला सुट्टी परवडत नाही.

दुसरी अडचण भाषेची. अनेक विद्यार्थिनी परराज्यांतून येतात. त्यांचे कष्ट मी पाहिले आहेत. एकीने नातीसाठी पाठ केलेली बडबडगीते अजून माझ्या कानात आहेत. तरीही मराठी मुलीला ‘ळ’ शिकवायला जिला स्वतःला ‘ळ’ म्हणता येत नाही अशी ताई मिळाली, तेव्हा ‘बाळ’, ‘केळे’ आणि ‘फळा’ यांची जी अवस्था झाली ती ऐकवत नव्हती. आरशामागून मॅडम उठल्या, मला हात धरून आत नेले आणि “हे ‘ळ’ म्हणतील, तू ऐक आणि जीभ कुठे वळते ते बघ” असे त्या मुलीला सांगितले. पुढची वीस मिनिटे वयाच्या ६६ व्या वर्षी मी शिकवण्याचे साधन होतो. त्यानंतर आलेली केरळची मुलगी मात्र ‘ळ’ आमच्यापेक्षा स्वच्छ उच्चारायची, कारण तो तिच्या मातृभाषेतला आहे. आमच्याकडची शहरी मुलेच त्याचा ‘ल’ करू लागली आहेत.

तिसरे म्हणजे कागदपत्रे. अहवाल इंग्रजीत, घरी करायच्या सरावाचे टिपणही इंग्रजीत. माझ्याबरोबर बाकावर बसणाऱ्या एका आजींना ते शेजाऱ्याच्या मुलाकडून वाचून घ्यावे लागत असे. मागणी केल्यावर मराठी टिपण मिळाले, पण त्यातील वाक्ये अशी होती की इंग्रजी मूळ बरे वाटावे. शेवटी मी आणि दोन विद्यार्थिनींनी मिळून ते नव्याने लिहिले. ते आता केंद्रात सर्वांना दिले जाते, याचा मला अभिमान आहे. पण हे काम रुग्णाच्या आजोबांवर सोडायला नको होते.

आणि देखरेखीचे काय? बहुतेक दिवशी ती खरी असते. पण दोन्ही मॅडम व्याख्याने घेतात, प्रबंधांचे मार्गदर्शन करतात, प्रश्नपत्रिका काढतात, समित्यांवर बसतात. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार होती त्या महिन्यात आरशामागची खुर्ची जवळजवळ रोज रिकामी होती. भिंतींना नवा रंग मिळाला आणि नातीला एकच खेळ सलग पाच सत्रे मिळाला. यात प्राध्यापिकांचा दोष किती आणि कागद मागणाऱ्यांचा किती, हे ठरवणे अवघड नाही, पण परिणाम मुलालाच भोगावा लागतो. यंत्र कानात नीट बसावे म्हणून कानाच्या मापाने बनवतात ते नवे साचेही त्याच काळात तीन आठवडे रखडले. वाढत्या वयाच्या मुलांचे साचे काही महिन्यांतच सैल होतात आणि यंत्र शिट्टी वाजवू लागते. ती शिट्टी ऐकत शाळेत बसणे कोणालाही आवडत नाही.

शुल्काबद्दल तक्रारीला जागा नाही. आम्ही सत्राला १०० रुपये देतो. आमच्या भागातील खासगी चिकित्सालयात हाच आकडा ८०० च्या पुढे आहे. खासगीत एकच अनुभवी व्यक्ती वर्षभर मिळते, हे त्या रकमेत धरलेले असते. ज्यांचे मूल अनोळखी माणसाला लवकर बुजते किंवा ज्यांना सुट्ट्यांचा खंड चालणार नाही, त्यांनी जमत असेल तर तो पर्याय घ्यावा. बाकीच्यांना मी हे केंद्र सुचवेन आणि पाचपैकी चार गुण देईन. कापलेला एक गुण रिकाम्या खुर्चीसाठी आहे. मुंबईकरांना तर वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्थाच आहे, जेथे उपचार आणि अध्यापन एकाच छताखाली चालते. मैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था त्याहून जुनी, १९६५ ची. आमच्या ऑडिओलॉजीच्या मॅडम मैसूरला शिकलेल्या आहेत, आणि विद्यार्थिनींच्या चुका वहीत लिहून घेण्याची सवय तेथल्याच एका प्राध्यापकांची, असे त्या सांगतात.

जाणाऱ्यांनी एवढे करावे. फाईलवर देखरेख करणाऱ्या प्राध्यापिकेचे नाव आहे ना, ते पाहावे. मॅडम व्याख्यानात नसतील अशी वेळ मागून घ्यावी. आमच्याकडे ती सकाळी साडेनऊची आहे. आरशामागे बसू द्या असे स्पष्ट सांगावे, आणि जास्तीचे सेल खिशात ठेवावेत.

जूनमध्ये सहावी ताई येईल. तिच्यासाठी मी फाईलच्या पहिल्या पानावर एक चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे: हिला वाघाचे चित्र दाखवू नये, कंटाळली आहे, बसचे तिकीट फाडण्याचा खेळ चालतो, ‘ळ’ आला आहे, ‘ण’ वर काम चालू आहे. वाचा-उपचाराच्या मॅडमनी ती वाचून खाली तांबड्या शाईने सही केली आहे.