रिकॉम्बिनंट ईसॅट-६ : पावसाळ्यापासून वापरायलोय, माझा अनुभव

बेळगावात आमच्या लॅबमध्ये टीबीच्या जंतूचं हे प्रोटीन पावसाळ्यापासून वापरायलोय. ई. कोलाय या जिवाणूत बनवलेलं, हिस टॅगवालं (शुद्ध करायला सोपं जावं म्हणून जोडलेली छोटी शेपटी), छोट्या व्हायलमध्ये सुकी पावडर येते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते कुणाचाही माल घेतला तरी लागू आहे.

हेच का घेतलं, तर आपल्याकडं बहुतेक सगळ्यांना लहानपणीच बीसीजी टोचलेली असते आणि जुन्या ट्युबरक्युलिन टेस्टला त्या लसीमुळंसुद्धा पॉझिटिव्ह येऊ शकतं. ईसॅट-६ चं जीन टीबीच्या जंतूच्या डीएनएतल्या ज्या आरडी-१ भागात आहे तो भागच बीसीजीत नाही, त्यामुळं रक्तातल्या पेशींनी याला रिस्पॉन्स दिला तर तो लसीचा नव्हे एवढं नक्की. पुण्याच्या सीरमच्या ज्या त्वचा चाचणीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली तिच्यातबी हेच आणि याचं जोडीदार प्रोटीन सीएफपी-१० आहे.

एलायझाला (प्लेटवर प्रोटीन चिकटवून अँटिबॉडी मोजायची चाचणी) एक नंबर. ९.६ पीएचच्या कार्बोनेट बफरमध्ये रात्रभर ४ डिग्रीला कोटिंग करायचं, एका प्लेटपासून दुसऱ्या प्लेटला रीडिंग फारसं हलत नाही. प्रोटीनं आकारानुसार वेगळी करायचं जेल मात्र १५ टक्क्यांचं लावा, ९५ अमिनो आम्लांचं, साधारण १० किलोडाल्टनचं चिमुकलं प्रोटीन आहे, १० टक्क्यांच्या जेलवर डायबरोबर खाली पळून जातं आणि माणूस बँड शोधत बसतो.

खरी अडचण पेशींवर टाकल्यावर. पहिल्या लॉटला मॅक्रोफेजमधून (जंतू गिळणाऱ्या पेशी) टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रोटीन इतकं सुटलं की सगळे खूश झाले, पण मला ते पटेना. प्रोटीनेज के टाकून प्रोटीनचे तुकडे केले, मग ते एंझाइम उकळून बंद केलं, तरी टीएनएफ तेवढंच, आणि एलपीएस निकामी करणारं पॉलिमिक्सिन बी टाकल्यावर धाडकन खाली. म्हणजे बोलत होतं ते ई. कोलायच्या आवरणातलं एलपीएस, म्हणजेच एंडोटॉक्सिन, टीबीचं प्रोटीन नव्हेच! सर्टिफिकेटवर शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर लिहिलेली, पण ती जेलवरची, एंडोटॉक्सिन जेलवर कुठं दिसतंय? रिपोर्ट मागून मागून घेतला, मग लो-एंडोटॉक्सिन लॉट मागवला, महाग आहे पण पेशींचं काम करणाऱ्यानं तोच घ्यावा. आणि प्युरिफिकेशनला डिटर्जंट कुठला वापरलाय तेबी विचारा. ईसॅट-६ पेशींची आवरणं फोडतं असं बरीच वर्षं मानलं जायचं, त्यातला काही परिणाम उरलेल्या एएसबी-१४ डिटर्जंटचा होता असं २०१७ मध्ये दाखवलं गेलंय.

विरघळवलं की लगेच छोटे अलिकॉट (वेगवेगळ्या नळ्यांत थोडेथोडे भाग) करून उणे ८० ला, परत परत वितळवायचं नाही. जुलैत इथं पाऊस लागला की लाईट सारखी जाते, फ्रीजर जनरेटरवर आहे का बघा. द्रव स्वरूपातलं मागवत असाल तर सोमवारी पाठवा म्हणून सांगा, शनिवारी निघालेलं पार्सल गोदामात पडून राहिलं आणि आमच्या हातात ड्राय आइस नसलेला नुसता थर्माकोलचा डबा आला.

खानापूर, निपाणीकडचे ओळखीचे लोक विचारतात, तुमच्याकडं हे आहे तर रक्त तपासून टीबी सांगा की. नाही सांगता येत. अँटिबॉडीवरच्या असल्या रक्त तपासण्या वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये सांगितलं आणि भारतानं २०१२ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात बेडका द्या, शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं टीबी तपासायचं ट्रूनॅट मशीन बऱ्याच ठिकाणी आहे, तपासणी फुकट होते.

पुढची ऑर्डर त्याच लो-एंडोटॉक्सिन लॉटची द्यायलोय, मेलमध्ये लॉट नंबर लिहून मागितला तर ते बाजूला काढून ठेवतात.