तीन मीटरची पटिंग मॅट: आधी चढण काढा

गोल्फमध्ये चेंडू होलकडे घरंगळवत नेणारा हलका फटका म्हणजे पट. त्याच्या सरावासाठी हॉलमध्ये अंथरायची, टोकाला चढण आणि त्यावर होल असलेली, चेंडू बाजूच्या पन्हळीतून परत पाठवणारी पटिंग मॅट आता ऑनलाइन मागवली की साताऱ्यात थेट दारात येते. पुण्यात येरवड्याच्या गोल्फ मैदानातल्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, जायचं म्हटलं तर खंबाटकी घाटासकट साधारण 110 किलोमीटर, तेव्हा आठवडाभराचा सराव घरातच उरकावा लागतो. नावं वेगवेगळी असली तरी या मॅटांची घडण जवळपास सारखीच असते, म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं नसून या प्रकारच्या मॅटचं आहे. काही हजार मोजण्याआधी एवढं वाचून घ्यावं.

पहिली अडचण मॅटची नाही, आपल्या फरशीची आहे. घर धुतलं की पाणी दाराकडे किंवा गॅलरीकडे जावं म्हणून गवंडी मुद्दाम थोडा उतार ठेवतो. मीटरला अर्धा सेंटीमीटर आडवा उतार असला तरी अडीच मीटरच्या पटमध्ये चेंडू होलच्या मध्यावरून कडेकडे सरकतो, आणि आपण मात्र मनगटाला दोष देत बसतो. पाणसळ आडवी ठेवून बघा. बुडबुडा मध्यावर नसेल तर मॅट फिरवून उताराच्या दिशेने लांब अंथरा. तेही जमत नसेल तर खोलगट बाजूखाली जुन्या 'ऐक्य' दैनिकाच्या घड्या सरकवा. गुंडाळी सोडल्यावर पडलेल्या वळ्या उलटी गुंडाळी करून रात्रभर ठेवली की बऱ्याचशा बसतात. इस्त्री फिरवू नका, खालचं रबर चिकटतं.

आता खरी गोम, म्हणजे ती चढण. चेंडू परत यावा म्हणून होल उंचावर बसवलेला असतो, साधारण 5 सेंटीमीटर. एवढं चढायला लागणारा जोर मध्यम वेगाच्या सपाट ग्रीनवर चेंडूला सुमारे 60 सेंटीमीटर जादा पळवतो. म्हणजे मॅटवर जो चेंडू कसाबसा होलमध्ये पडतो, तोच ग्रीनवर चुकला तर हातभराहून जास्त पुढे जाऊन थांबणार. वर होलच्या मागे अडसर असतो, त्यामुळे जोरात मारलेलाही आपटून आत पडतो. रोज शंभर पट असे मारले की हाताला तीच सवय लागते, आणि मैदानावर प्रत्येक चुकीनंतर पाऊण मीटरचा परतीचा पट शिल्लक राहतो.

आणि तो पाऊण मीटर फार महागात पडतो. 1970 च्या ब्रिटिश ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजच्या अठराव्या, म्हणजे शेवटच्या होलवर डग सँडर्सचा मीटरभराहून छोटा पट चुकला आणि बरोबरी झाल्याने दुसऱ्या दिवशी खेळलेल्या प्लेऑफमध्ये जॅक निकलसने करंडक नेला. 2024 च्या यूएस ओपनमध्ये पाइनहर्स्टला रोरी मॅकिलरॉयने सोळाव्या होलवर अडीच फुटांचा पट घालवला. त्या मोसमात तीन फुटांच्या आतले 496 पट त्याने मारले होते आणि त्यातला एकही चुकला नव्हता! मग अठराव्यावर चार फुटांच्या आतला आणखी एक गेला आणि ब्रायसन डिशॅम्बो एका फटक्याने जिंकला. मॅकिलरॉयला पट येत नव्हता असं कोण म्हणेल? अशा वेळी हात जे काम आपोआप करतात, ते डोकं मध्येच आपल्याकडे घेतं. पकड घट्ट होते, चेंडूला लागण्याआधीच पटर (पट मारायची काठी) मंदावतो, त्याचं तोंड जरासं उघडतं किंवा मिटतं.

मॅट हे दडपण देत नाही, उलट काढून घेते. चेंडू आपोआप परत येतो, जागा तीच, रेषा तीच, चुकला तर लगेच दुसरा. स्पर्धेत चेंडू एकच असतो. त्याआधी दुसऱ्याचा पट होईपर्यंत ताटकळायचं, आणि आपली पाळी आली की 40 सेकंदांत मारावा अशी नियमपुस्तकाची शिफारस. म्हणून चढणीचा तुकडा सुटा होत असेल तर काढून टाका, पन्हळ बंद करा आणि सपाट भागावर 108 मिलिमीटर व्यासाची पुठ्ठ्याची चकती ठेवा. होलचा खरा व्यास तेवढाच असतो. चेंडू चकतीवरून जाऊन फूटभर पुढे थांबला तर जोर बरोबर.

दिशेसाठी चेंडूच्या 30 सेंटीमीटर पुढे दोन नाणी ठेवा, मध्ये साडेपाच सेंटीमीटर फट. चेंडू 42.67 मिलिमीटरचा, म्हणजे दोन्ही बाजूंना सहा-सहा मिलिमीटर मोकळे. या फटीतून नाण्यांना न शिवता गेलेला चेंडू 2.4 मीटरवर चकतीच्या रुंदीतच पोचतो. हे आठ फुटांचं अंतर. पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेतले खेळाडूसुद्धा तिथून साधारण निम्मेच पट टाकतात, तेव्हा घरी दहापैकी पाच गेले तर तोंड पाडायचं कारण नाही.

दडपण आणायचं तर एक मीटरवरून सलग दहा टाका, एक चुकला की मोजणी पुन्हा शून्यापासून. सातव्यापर्यंत काही वाटत नाही. नववा ठेवताना श्वास वर येतो, तेव्हा मॅटचे पैसे वसूल व्हायला लागतात. घरच्यांना शेजारी बसवा, दहावा चुकला तर कंदी पेढे तुमच्या खिशातून. प्रत्येक पटआधी चेंडू स्वतः उचलून आणा, मागून रेषा बघा, एकच सराव-झोका घ्या, मगच मारा. दोन जिने चढून येऊन लगेच एकच पट मारणं हा आणखी कडक प्रकार. धडधडत्या छातीने पकड किती आवळली जाते ते तिथे कळतं.

दडपणाखाली हात स्थिर ठेवणं साताऱ्याला नवं नाही. इथल्या अदिती स्वामीने 2023 मध्ये बर्लिनला जागतिक तिरंदाजी स्पर्धेची कंपाउंड प्रकारातली (कप्प्या लावलेल्या धनुष्याची) अंतिम लढत 149-147 अशी जिंकली. पंधरा बाण, 150 पैकी फक्त एक गुण गेला. तिथे सुटलेला बाण परत आणून देणारी पन्हळ नसते.

खरेदी करताना सुटी चढण, दोन मापांचे होल आणि निदान 3 मीटर लांबी बघा. लहान होल उपयोगी पडतो, त्याने नजर बारीक होते. पट्ट्यांची छपाई फार असेल तर टाळा, ग्रीनवर कुणी रेघा मारून ठेवत नाही. मॅटची लव कुठल्या दिशेला झोपते ते हात फिरवून पाहा. उलट्या बाजूने मारलं तर चेंडू ठळकपणे हळू जातो. पावसाळ्यात मॅट पीव्हीसी पाइपवर, लव बाहेर ठेवून गुंडाळा आणि जमिनीवर ठेवू नका. चढणीचा तुकडा एमडीएफचा (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीचा) असेल तर इथल्या ओलीने तो कडेने फुगतो आणि चेंडू त्या सांध्यावर उडी मारतो.