चॅटजीपीटीच्या कस्टम इन्स्ट्रक्शन्स: केळीपट्ट्यात वापरायच्या तर अशा

कस्टम इन्स्ट्रक्शन्स म्हणजे चॅटजीपीटीला एकदाच लिहून ठेवायच्या सूचना. जुलै २०२३ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने ही सोय आधी पैसे भरणाऱ्यांना दिली आणि महिनाभरात फुकट वापरणाऱ्यांनाही. सेटिंगमध्ये ‘पर्सनलायझेशन’ उघडलं की रकाना दिसतो. तिथे लिहून ठेवलेला मजकूर दर वेळी तुमच्या प्रश्नासोबत आपोआप जातो. मराठीत लिहिलेलंही नीट चालतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे तयार मजकूर मात्र बहुतेक कुचकामी. ‘तू जगातला सर्वांत हुशार कृषितज्ज्ञ आहेस, अचूक उत्तर दे’ असं लिहिल्याने उत्तराचा रुबाब वाढतो, अचूकपणा नाही.

रावेर-यावलच्या केळीवाल्याला चालेल असा मजकूर हा:

‘उत्तर साध्या मराठीत, मला तुम्ही म्हण. शेतीचा प्रश्न असेल तरच पुढचं धर: जळगाव जिल्हा, केळी ग्रँड नैन, ५ बाय ५ फूट, ठिबक. मृगबाग म्हणजे जून-जुलैची लागवड, कांदेबाग म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरची केळीच, कांदा नव्हे. क्षेत्र एकरात, भाव क्विंटलला, फवारणी १५ लिटरच्या पंपाला. औषधाची मात्रा मनाने सांगू नकोस. लेबलवरचे आकडे माग आणि फक्त हिशोब कर. बागेचं वय सांगितलं नसेल तर आधी विचार.’

यातलं लागवडीचं अंतर उगाच नाही. खताची शिफारस झाडाला ग्रॅममध्ये येते, पोती मात्र एकरावर मोजायची असतात. ४३,५६० चौरस फुटांना २५ ने भागलं की एकरी सुमारे १,७४२ झाडं निघतात. अंतर दिलं नाही तर उत्तर हेक्टरी येण्याची शक्यता जास्त आणि गुणाकार-भागाकार तुमच्याच माथी. औषधाचंही तसंच. लेबलवर मात्रा बहुधा हेक्टरी असते आणि पाणीही हेक्टरी, म्हणून दोन्ही आकडे द्यायचे. ५०० लिटर पाण्याला ५०० मिली असेल तर १५ लिटरच्या पंपाला १५ मिली. हा हिशोब चॅटजीपीटी बरोबर करतो. पण मात्राच त्याला विचारली तर एका औषधाचा आकडा दुसऱ्याला चिकटवून तितक्याच ठामपणे सांगू शकतो, म्हणून ‘मात्रा मनाने सांगू नकोस’ हे वाक्य काढू नका.

‘शेतीचा प्रश्न असेल तरच’ ही अटही महत्त्वाची. ती नसेल तर पोरीने शाळेसाठी पावसाळ्यावर निबंध मागितला तरी त्यात केळीची बाग डोकावते.

जागेचं गणित आधी समजून घ्या. सोय सुरू झाली तेव्हा दोन रकाने होते, प्रत्येकी १,५०० अक्षरांचे. देवनागरीत काना, मात्रा, हलंत सगळे वेगळे मोजले जातात. ‘क्षेत्र’ दिसायला दोन अक्षरी, मोजायला सात. जागा कमी पडली तर सर्वसाधारण सूचना इंग्रजीत लिहा, गावाकडचे शब्द देवनागरीतच ठेवा आणि ‘उत्तर मराठीत’ हे न विसरता घाला.

प्रत्येक वाक्य जागा अडवतंय की काम करतंय, हे तपासायची रीत सोपी आहे. वाक्य काढा, नवं चॅट उघडा, तोच प्रश्न विचारा. दोन-तीनदा विचारूनही उत्तरात फरक पडला नाही तर ते वाक्य गेलेलंच बरं. जुन्या चॅटमध्ये तपासू नका, तिथे आधीच्या उत्तरांचा ओढा राहतो. ‘टेबल नको’ यापेक्षा ‘सलग परिच्छेदात लिही’ जास्त पाळलं जातं. ‘थोडक्यात’ आणि ‘सविस्तर’ दोन्ही लिहिलं असेल तर कधी हे, कधी ते मिळणार. चॅट फार लांबलं की सूचना ढिल्या पडतात. तेव्हा नवं उघडावं.

अहिराणीच्या बाबतीत ही सोय उणी पडते. ‘अहिराणीत उत्तर दे’ म्हटलं की मना, तुना, माले, तुले एवढं पेरून बाकीचं वाक्य पुणेरी मराठीच राहतं, नाहीतर क्रियापदं मनाने घडवली जातात. आपल्या गावच्या बोलीतली आठ-दहा वाक्यं नमुना म्हणून दिली तर थोडं सुधारतं. धुळ्याची आणि नंदुरबारची बोली मिसळून देऊ नका. पत्रिका किंवा दुकानाची जाहिरात छापायची असेल तर घरातल्या मोठ्यांकडून वाचून घेतल्याशिवाय छापखान्यात पाठवू नये.

कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्यांना हा एकच रकाना अपुरा पडेल. गिऱ्हाइकांना पाठवायचे मेसेज वेगळे, उधारीचा हिशोब वेगळा, कंपन्यांची पत्रं वेगळी. अशा वेळी क्लॉड या दुसऱ्या चॅटबॉटमधलं ‘प्रोजेक्ट्स’ बरं: प्रत्येक कामाच्या सूचना वेगळ्या राहतात आणि लेबलांच्या पीडीएफही सोबत ठेवता येतात. गुगलच्या जेमिनीत यासाठी ‘जेम्स’ आहेत, चॅटजीपीटीतही आता ‘प्रोजेक्ट्स’ आहेत. मोबाइलवर एकट्याने वापरणाऱ्या शेतकऱ्याला मात्र साधा रकानाच पुरे.

आधार क्रमांक, बँक खातं, उताऱ्यावरचा गट नंबर यातलं काही तिथे लिहू नका. उत्तर सुधारायला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि सूचना कितीही नेमक्या लिहिल्या तरी रावेरचा किंवा बऱ्हाणपूरचा आजचा भाव त्यातून येत नाही. त्यासाठी वेब सर्च चालू हवा, आणि सूचनांत एक ओळ: ‘भाव सांगताना तारीख आणि कुठून घेतला ते लिही, सापडला नाही तर तसं सांग.’ तरीही माल कापायच्या आधी व्यापाऱ्याला फोन कराच.